घरटी एक माणूस

प्राचीन काळी माणसं नदीकाठीच का वसली, या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. गोडं पाणी, पुरानं आणून टाकलेली गाळाची जमीन, जनावरांना चारा, ये-जा करायला होड्या. शाळेत हेच लिहिलं, बी.ए.च्या पेपरात हेच जरा फुगवून लिहिलं, आणि पुढे शिक्षिका झाल्यावर नोकरीभर मुलांकडून हेच लिहून घेतलं. उत्तर बरोबर आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त ते पहिल्यांदा पाठ करत होते तेव्हा मी आमच्या ओटीवर बसले होते, समोर हाकेच्या अंतरावर धरमतरच्या खाडीचा फाटा होता, आणि त्या पाण्यानं साधी चूळ भरायची सोय नव्हती. शेजारी आत्या निवट्या साफ करत होती. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा, इतका बुळबुळीत की राख चोळल्याशिवाय हातात राहत नाही. आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती घरची कारभारीण होऊनच. मी तिला विचारलं, "आत्ये, आपलं गाव खाऱ्या पान्यावर का गो वसलं?"

"तुजं पुस्तक काय सांगतं?"

"नदी पायजे. गोडं पानी पायजे."

"व्हय ना. पन गोड्या पान्यावर आधीच कोनतरी बसला व्हता. तो काय सरकून जागा देनार व्हता आपल्याला? आपल्या वाट्याला खाडी आली. मंग तिलाच मागं सारली." निवटीचं डोकं विळीवर उडवत ती म्हणाली, "लिव हे पेपरात."

मी लिहिलं नाही, आणि बरंच केलं. गुरुजींनी मार्क कापले असते. शिवाय आत्याचं म्हणणंही अर्धंच होतं. खाडी एकदा मागं सारली, ठीक. पण ती रोज दोनदा परत येते, तिला तिथंच धरून ठेवायचं कोणी?

गावाच्या पश्चिमेला मातीचा लांबलचक बांध होता. पलीकडे खाडी, अलीकडे आमची भातशेती, आणि भरतीला पलीकडचं पाणी अलीकडच्या शेतापेक्षा उंच. ज्यानं पाहिलं नाही त्याला हे पटत नाही. शेतात वाकून लावणी करणाऱ्या बाईनं मान वर केली तर तिच्या डोक्याच्या वरून, बांधापलीकडून, होडी जाताना दिसायची. एका बांधाच्या आडोशानं ज्यांची शेतं वाचतात त्या घरांच्या गटाला आमच्याकडे जोळ म्हणतात. जोळाचा कायदा एकच होता: घरटी एक माणूस. अवसेच्या किंवा पुनवेच्या उधाणाला बांध फुटला, खांड पडली, की प्रत्येक घरातून एक धडधाकट माणूस चिखल उचलायला हजर पाहिजे. बाप्या असो की बाई, त्याचं कुणाला काही नव्हतं. हात चालले म्हणजे झालं. एकदा कुणी आलं नाही तर समज मिळायची. दुसऱ्यांदा नाही आलं तर ते घर जोळाबाहेर. जमीन काही कोणी काढून घेत नसे, पण तुमच्या शेताच्या आतल्या बांधाला मग कोणी हात लावायचं नाही, लावणीला कोणी यायचं नाही, आणि दोन पावसाळ्यांत ते शेत आपसूक खाडीला मिळायचं. आमच्या लहानपणी अशी एक-दोन शेतं होती. त्यात मिठात वाढणारं गवत उगवलेलं असायचं आणि मोठी माणसं त्या बाजूला बघायचीसुद्धा नाहीत.

पिण्याच्या पाण्याचं गाणं वेगळं. गावात एक तळं, त्यातलं पावसाचं पाणी शिमग्यापर्यंत पुरायचं, मग मचूळ व्हायचं. त्यानंतर वरच्या अंगाच्या गावाहून पिंपं भरून होडी यायची. होडी भरतीवर आत शिरणार, आणि भरती तर रोज पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणजे आज सकाळी शाळेच्या वेळेला आलेली होडी आठवड्यानं ऐन दुपारी. घरातलं एक माणूस हंडे घेऊन धक्क्यावर थांबलेलं हवं. थोरल्या दोघी बहिणी लग्न होऊन गेल्यावर ते माणूस मी. अकरावी-बारावी मी पेणला केली. सकाळी चपला हातात घेऊन चिखल तुडवत गडबच्या नाक्यावर यायचं, नाक्यावरच्या हॉटेलच्या बॅरलमध्ये पाय धुवायचे, तिथून एसटी. शिमग्यानंतर होडीची नि कॉलेजची वेळ जुळली नाही ते सगळे दिवस बुडाले. तरी मी पास झाले. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला, आणि तो नेमका कुठे हुकला ते मला ठाऊक आहे. धक्क्यावर हुकला. आणलेलं पाणी पिण्यापुरतं, रांधायला तळ्याचंच. उन्हाळ्यात आमच्या चुलीवरचा भात, जवळ्याचं कालवण, चहासुद्धा, सगळ्याला एक मागून येणारी खारट चव असायची. आम्हाला ती चव वाटतच नव्हती. जेवण असंच लागतं अशी आमची समजूत.

बाबा धाटावच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होते. आठवडाभर रोह्यात चौघांच्या खोलीत राहायचे, सुटीला घरी यायचे. माझ्या बारावीच्या वर्षी ते पर्मनंट झाले. पेढे घेऊन आले, अंगाला नेहमीचा तो उग्र वास होताच, आणि जेवताना त्यांनी जाहीर केलं, "रोह्यात खोली बघून ठेवलीय. नळ हाय घरात."

"घरात?" आईनं भाकरी थापायची थांबवली.

"घरात म्हंजे मोरीत. दोन टाइम येतो."

आईनं थापलेली भाकरी तव्यात टाकली. मग म्हणाली, "आनि जोळाचं?"

"जोळ, जोळ! अगो, माजी शिफ्ट सुटंल का जोळाला? गेटातनं मधीच भायेर सोडत नाय."

"म्हनून तर इचारते. तुमी गेटाच्या आत. मी नळाखाली. मंग आपल्या घराचा मानूस कोन?"

आत्याचे गुडघे गेलेले, तिला जोळात कोणी मोजत नसे. ती कोपऱ्यातून म्हणाली, "जा गो तू. मी घर धरून बसते. मानूस म्हनून नाय मोजली तरी संध्याकालचा दिवा तर लावीन." शेवटी असं ठरलं की पीक घरात आलेलंच आहे, उन्हाळा कोरडा जातो, तर आईनं शिमगा झाल्यावर रोह्याला यावं, पेरणीपुरतं जाऊन यावं, आणि पावसाळ्यातली मोठी उधाणं तोंडावर आली की काय ते ठरवावं. तिनं ठरवायचं म्हणजे माझंही ठरायचं. आई परत खारात, म्हणजे आमच्या खाडीकाठच्या गावी, गेली तर बाबा पुन्हा चौघांच्या खोलीत, कारण त्यांच्या रात्रपाळीत मी एकटी पोरगी भाड्याच्या खोलीत राहणं तिला मान्य नव्हतं. म्हणजे मीही खारात, होडीची वाट बघत. दोन वर्षं जे केलं ते आणखी तीन वर्षं होणार नाही, हे मला कळत होतं. मला बी.ए. करायचं होतं. आमच्या घरात काय, आमच्या अख्ख्या जोळात तोवर कोणी केलं नव्हतं.

रोह्याची खोली एका बैठ्या चाळीतली. मालकीण रोहेकर मावशी. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. जुनी माणसं त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणायची, कारण त्यांचे वाडवडील घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. मावशींचे दोन्ही मुलगे, भाऊ, भावजया सगळे इस्रायलला गेलेले. त्या एकट्या राहिल्या होत्या, नऊवारी नेसून, चाळीचं भाडं गोळा करत आणि सगळ्यांना दरडावत. पहिल्याच दिवशी आईनं त्यांना वाटीभर आमटी आणि दोन भाकऱ्या नेऊन दिल्या. पाच मिनिटांत मावशी वाटी घेऊन दारात.

"अगो बाय, आमटीत मीठ घालायचं राह्यलं का तुजं? का माजं ब्लडप्रेशर तुला कोनी सांगितलं?"

"घातलंय की चिमूट."

"चिमूट? ही आमटी हाय का देवाचं तीर्थ?"

आईनं आमटी चाखली, माझ्याकडे बघितलं, मी चाखली. खरंच काही लागत नव्हती. मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. खारात निम्मं मीठ पाणीच घेऊन यायचं, वर आईची चिमूट. तो हात जन्मभराचा बसलेला. इथं पाणी गोडं, आणि हात तोच. आई लाजली, पण हार मानायची नाही म्हणून म्हणाली, "तुमच्या रोह्याच्या पान्यालाच चव नाय." ते वाक्य पुढे महिनाभर चाललं. कधी आमटी पांचट, कधी मग रागानं ओतलेल्या मिठानं तोंडात धरवेना. बाबा सांगायचे की डबा खाताना कंपनीतली पोरं आधी विचारतात, आज समुद्र हाय का इहीर? आई हसायची, पण मला धास्ती वाटायची. मीठ जमत नाही एवढ्या कारणावरून माणूस गावी निघून जाऊ शकतं, आणि माझी आई तर नक्कीच.

नळाचंही तसंच. मोरीत नळ असताना ती कपडे घेऊन कुंडलिकेवर जायची. वरून धरणाचं पाणी सोडतात म्हणून ती नदी उन्हाळ्यातही वाहत असते. आईला त्याचं मोठं नवल. मावशी ओरडायच्या, "नळ असून नदीवर कशाला गो मरतेस?" आई म्हणायची, "नळाला काय इचारू, सुनेला कितवा लागला म्हनून?" नदीवर चार बायका भेटायच्या, नवी माहिती मिळायची, कोणाच्या वालात कीड पडली ते कळायचं. मला तेव्हा तो तिचा गावंढळपणा वाटायचा, आज तसं वाटत नाही. पण उगाच गळाही काढत नाही. पुढे मी धाटावच्या बाजूला शाळेत शिकवत होते, तेव्हा त्या धड्याला मुलांना विचारायची, की प्राचीन माणसं नदीकाठी राहिली, तुम्ही कशाच्या काठी राहता? एका पोरानं हात वर करून सांगितलं, "बाई, आमी कंपनीची बस जिथं थांबते तिथं राह्यतो." मी त्याला पूर्ण मार्क दिले. सध्या मी राहते ती इमारत पेणबाहेर हायवेला लागून आहे. तिच्या नावात नदी आहे, पण नदी कुठल्या अंगाला ते वॉचमनलाही सांगता येत नाही. टँकर आला नाही तर ग्रुपवर शंभर मेसेज येतात, खाली मात्र कोणी उतरत नाही. मला नळ हवा होता, मिळाला, आणि मी तो रोज मजेत सोडते. पण आत्या म्हणायची तसं काहीतरी मागं सारायला लागलं तर आम्ही चाळीस फ्लॅटवाले एकमेकांना कुठे शोधू, हा विचार कधीकधी येतो.

एका संध्याकाळी मावशी आमच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. आईनं विचारलं, पोरांकडे बरं असतं का? मावशी म्हणाल्या, "बरं म्हंजे काय, फ्रीज हाय, मोटार हाय. पन रान सगळं कोरडं ठाक. नदी ना नाला. लांबनं पायपानं पानी आनतात नि त्यावर म्हनं शेतं फुलवतात. आडनाव अजून रोहेकरच लावतात हो. तिथं कोनाला ठाव रोहा कुठं हाय!"

"मंग मावशी, पोरं आता इथली म्हनायची का तिथली?"

मावशींनी हातातली शेवग्याची शेंग सोलून सुपात टाकली. मग म्हणाल्या, "ते मला नको इचारू. तू तुजं बघ."

निकाल लागला, रोह्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले, पेरणीला जाऊन आईही परत आली. मी रोज विचारायची आणि ती रोज एकच म्हणायची, "आखाडाची अवस जाऊ दे, मंग सांगते." कॉलेजात जागा भरत चालल्या होत्या. चाळीतल्या एका पोरीनं फी भरून वह्यासुद्धा आणल्या. मी आईवर चिडून दोन दिवस जेवताना बोलले नाही. तिनं ते मनावर घेतलंय असं दिसलं नाही.

अवसेच्या आदल्या दिवशी बाबा पहिल्या पाळीतून सुटून घरी आले ते दारातच उभे राहिले. दुपारपाळीला येणाऱ्या गडबच्या एका कामगारानं गेटवर निरोप दिला होता: आजच्या भरतीला आपल्या बांधाला खांड पडली, उद्या सकाळच्या ओहोटीत बुजवायची आहे. उद्याही बाबांची पहिलीच पाळी होती, बदली कोणी मिळाला नव्हता, आणि नवा पर्मनंट माणूस खाडा करू शकत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आईनं एकदाही विचारलं नव्हतं. तिनं लुगडं बदललं, पिशवीत भाकऱ्या घातल्या. मी म्हटलं, मीपण येते. "तू कशाला?" म्हणाली. म्हटलं, दोन हात वाढतील. खरं सांगायचं तर मी खांड बुजवायला जात नव्हते. ती गावी राहून जाईल या भीतीनं तिला परत आणायला जात होते.

रात्र आत्यापाशी काढून सकाळी बांधावर पोचलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं आणि खांड उघडी पडली होती. एका घराच्या ओटीएवढी रुंद. आतली लावणी झालेली शेतं खाऱ्या पाण्याखाली, रोपांचे नुसते शेंडे वर. माणसं ओळीनं उभी राहिली. पुढे बाप्ये लाकडाच्या मेढी ठोकत होते, मेढींच्या मध्ये पेंढा कोंबत होते, आणि आम्ही बायका खाडीच्या पात्रातला चिकण चिखल कापून त्याचे गोळे हातोहात पुढे सरकवत होतो. एक गोळा हातात येतो न येतो तोच दुसरा. पायाखाली चिखल मांडीपर्यंत गिळत असतो, चिंबोऱ्या पायांवरून जातात, आणि वरून पावसाची भुरभुर. आई ओळीत शिरली तशी शेजारची बाई ओरडली, "आली गो आली, रोहेकरीन आली!"

"नळाचं पानी पिऊन गोरी झाली बघ," दुसरी म्हणाली.

"गोरी कुठली," आई गोळा पुढे देत म्हणाली, "अळनी झाले." मग तिनं आमटीची सगळी गोष्ट सांगितली आणि ओळ इतकी हसली की पुढून हिराजीकाकांचा आवाज आला, "चिखल पाठवा, नुसतं हसू नका पाठवू!" हिराजीकाका आमच्या जोळाचे मुखिया. बुटका माणूस, पण आवाज खाडीच्या पैलतीराला ऐकू जायचा. खूप दिवसांनी मी आईला अशी मोकळी हसताना बघत होते. ही काही आता परत येत नाही, असं मी मनात म्हणत होते आणि गोळे पुढे देत होते.

दुपार जवळ आली तशी खाडी भरायला लागली. शेवटचे गोळे थापून सगळी माणसं बांधावर चढली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. ओल्या मातीला पाणी लागलं, वर चढत गेलं, एका जागी पाझरायला लागलं तशी दोघांनी तिथे पेंढा कोंबून वर पाय रोवले. बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली पाणी थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं, मग उतरलेलं दिसायला लागलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणीतरी बिडी पेटवली. अशा वेळी हिराजीकाका एकेका घराचं नाव घ्यायचे आणि त्या घराच्या माणसानं "हाय" म्हणायचं, अशी रीत. त्या "हाय"चा अर्थ आज आलो एवढाच नव्हता. पुढच्या उधाणालाही या घराचा माणूस इथे असेल, असा तो शब्द होता. तो दिला म्हणजे दिला.

आमचं घर बाबांच्या नावानं. "बालाराम!" काका ओरडले.

"हाय," आई म्हणाली.

माझे पाय चिखलात होते ते तिथेच राहिले. आई मात्र थांबली नव्हती. "हाय, पन एक सांगून ठेवते, काका. या घराचा मानूस मी. आनि मी रोह्यास्नं येनार."

बांधावर हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "उधान काय येष्टीची वाट बघत ऱ्हाईल?"

"उधान तिथीला येतं," आई म्हणाली. "तिथी काय या गावातच लागते? रोह्यात बी अवस हाय, पुनव हाय. मी आदल्या सांजची येऊन ऱ्हाईन. तू हाक मारायच्या आधी बांधावर दिसेन."

"नि तिथी सोडून पडली तर?" हिराजीकाका म्हणाले. "वादलात पडली व्हती का नाय?"

"पडली व्हती. तवा तू कुठं व्हतास?"

त्या वादळाच्या दिवशी हिराजीकाका सासुरवाडीला जेवायला गेले होते, हे सगळ्या जोळाला माहीत होतं. आता हशा त्यांच्यावर पिकला. त्यांची म्हातारी तर खाली बसूनच हसायला लागली. काकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "बरं, तू येशील. मंग ही पोर गावात ठेव. आत्याला सोबत हुईल, अडीनडीला बांधावर बी हुबी ऱ्हाईल."

"ती नाय," आई म्हणाली. "तिला कॉलेज हाय."

ते वाक्य तिनं इतकं सरळ म्हटलं, जसं पलीकडे खाडी हाय, मागं गाव हाय. मला तिनं तोवर होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. सगळा जोळ माझ्याकडे बघत होता, केसांपर्यंत चिखल, आणि मला हसावं की रडावं कळेना म्हणून मी हातांवरचा चिखल उगाच खरवडायला लागले. हिराजीकाकांनी आईकडे नीट बघितलं. "एक उधान चुकलीस तर बघ," एवढंच बोलले आणि त्यांनी पुढच्या घराचं नाव पुकारलं.

त्या एका वाक्यावर मी शिकले हे मी कुणाला सांगायला लाजत नाही. आणि आई दरवर्षी, गुडघे चालले तोवर, पावसाळ्यातल्या मोठ्या अवसेला-पुनवेला आदल्या संध्याकाळी रोह्याच्या स्टँडवर फावडं घेऊन उभी राहिली, हेही सांगते. फावड्याचं हाफ तिकीट काढा, म्हणून कंडक्टर चेष्टा करायचे. पुढे बाबा रिटायर होऊन गावी गेले आणि त्यांनी "हाय" म्हणायला सुरुवात केली. एकही उधाण आमच्या घराचं चुकलं नाही. आमचं शेत अजून गोडं आहे.

त्या दिवशी अंग धुवायला गावात पाणी कुठलं, तळ्यावर हातपाय खंगाळून आम्ही तशाच गडबच्या नाक्यावर आलो. एसटी थांबली. कंडक्टरनं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "मावशे, सीटवर बसू नका हां, खराब होतील."

"नाय बसत. दोन रोहा."

नागोठण्याला गाडी रिकामी झाली तरी आम्ही उभ्याच. आमच्या अंगावरचा चिखल वाळून खाली पडत होता आणि आई वरचा दांडा धरून डोळे मिटून उभी होती. मला वाटलं झोपली. तेवढ्यात म्हणाली, "उद्या कॉलेजात मी पन येते."

"तू कशाला?"

"जोळातली इचारतील ना, पोर कुठं शिकते. बघितल्याबिगर काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी आली. बाबांनी पर्मनंट झाल्यावर घेतलेलं नवं लुगडं नेसून, नखांतला चिखल सुईनं काढून. ऑफिसच्या दारात तिनं चपला काढल्या. शिपाई म्हणाला, "बाई, चपला चालतात आत." "चालू दे," ती म्हणाली, आणि अनवाणीच माझ्यापुढे आत गेली.